मांजराची पेटी आणि घरचें कोठार

पावसाळा सरत आला, म्हणजे या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हटकून असतो. तो म्हणजे धान्याला लागणारी कीड. या खेपेस मात्र त्या जुन्या विषयाला नवें वळण लागलेलें दिसतें. निर्मळ येथील एका एकत्र कुटुंबांतील सूनबाई लिहितात कीं, त्यांच्या घरीं दोन मांजरें आहेत. त्यांच्या विधीसाठीं मक्याच्या भुग्याच्या कांड्या, ज्यांना बाजारांत ‘कॅट लिटर’ म्हणतात, त्या पिशवीनें आणल्या जातात. ती पिशवी कोठाराच्या खोलींत ठेवलेली होती. तिच्यांत किडे झाले, आणि पंधरवड्याच्या आंत वर्षाच्या तांदुळांतही सोंडे दिसूं लागले. सासूबाईंचें म्हणणें असें कीं, ही पीडा मांजरांच्या पायीं घरांत आली, तेव्हां मांजरेंच बाहेर गेलीं पाहिजेत. थोरल्या दिरांचें म्हणणें, पिशवींत औषधाची एक टिकडी टाकावी म्हणजे प्रश्न मिटला. या दोहोंपैकीं कोणता मार्ग बरा, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर आरंभींच सांगून टाकतों : दोन्ही मार्ग त्याज्य आहेत. मांजरांना बाहेर काढल्यानें कीड जाणार नाहीं. आणि टिकडीनें कीड जाईल, पण तिच्याबरोबर मांजरेंही जातील, क्वचित् घरांतील एखादें लेंकरूंही संकटांत पडेल. या घोटाळ्याचें मूळ एका साध्या गैरसमजांत आहे. पिशवीवर मांजराचें चित्र छापलेलें असल्यामुळें आपण तिची गणना केरसुणी-खराट्यांत करतों. वस्तुतः तिच्यांत असतें तें धान्यच. आपण त्याला कांहींही नांव दिलें, तरी सोंड्याला तो भेद कळत नाहीं. म्हणून त्याची राखण धान्यासारखीच केली पाहिजे. मात्र धान्याला जीं औषधें लावतात, त्यांतलें एकही त्याला लावतां कामा नये.

मांजर हा स्वभावतः स्वच्छ प्राणी. विधी उरकल्यावर तो मातीनें झांकण्याची त्याची संवय फार जुनी आहे. ज्या घरांना अंगण व वाडी होती, तेथें यासाठीं निराळें कांहीं करावें लागत नसे. पावसांत फार तर चुलीच्या राखेचें किंवा वाळूचें एखादें घमेलें पडवींत ठेवीत. अमेरिकेंतही अशीच रीत होती. १९४७ च्या जानेवारींत मिशिगन राज्यांतील एका बाईंची वाळू थंडीनें गोठली, आणि राख वापरावी तर मांजराचीं काळीं पावलें घरभर उमटूं लागलीं. त्यांनीं एडवर्ड लो या शेजाऱ्याकडे वाळू मागितली. लो यांनीं वाळूऐवजीं मुलतानी मातीच्या जातीची शोषक माती दिली. ती इतकी सोयीची ठरली कीं, लो यांनीं पांच पौंडांच्या पिशव्या भरून ६५ सेंटला एक अशा विकावयास काढल्या. आज जगभर चालणाऱ्या या धंद्याचा तो आरंभ होय.

पुढें मातीचें वजन व धूळ नको झाली, आणि लांकडाचा भुसा, कागद, मका, गहू, सोयाबीनचा चोथा यांपासून केलेल्या कांड्या निघाल्या. त्या हलक्या असतात, ओल शोषून घेतात आणि फेंकून दिल्यावर कुजून मातींत मिळतात. पण जें कुजतें तेंच किडतें, ही गोष्ट विकत घेतांना कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मातीला कीड लागत नाहीं, कारण मातींत किड्याला खाण्यासारखें कांहीं नसतें. मका व गहू हें तर त्याचें रोजचें अन्न.

हे किडे ओळखणें अवघड नाहीं. डोक्यापुढें सोंड असलेला, तांबूस-काळा, तांदुळाच्या दाण्याहूनही लहान किडा तो सोंडा. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७६३ मध्यें त्याचें नामकरण केलें, तेंही तांदुळावरूनच. याची मादी सोंडेनें दाण्याला बारीक भोंक पाडते, आंत अंडें घालते आणि वरून चिकट द्रवानें तें भोंक बुजविते. त्यामुळें वरून धडधाकट दिसणाऱ्या दाण्याच्या पोटांतही पुढची पिढी वाढत असते. एक मादी जन्मभरांत तीनशेंच्या आसपास अंडीं घालूं शकते, आणि उबदार हवेंत अंड्यापासून पुरा किडा होण्यास सुमारें एक महिना पुरतो. त्याला अखंड दाणाच लागतो असेंही नाहीं. मॅकरोनीसारख्या घट्ट वाळविलेल्या पदार्थांतही तो वाढतो, मग दाबून केलेल्या मक्याच्या कांड्यांत कां वाढूं नये?

दुसरा, पिठांतला तांबडा भुंगेरा. याला सोंड नसते व अखंड दाणा फोडण्याची ताकदही नसते. भुगा, कणी आणि पीठ हेंच त्याचें माहेर. त्याची संख्या फार वाढली म्हणजे पिठाला एक प्रकारचा उग्र वास येऊं लागतो. तिसरा, राखी रंगाचा लहान पतंग. याची अळी भुग्याचे कण रेशमासारख्या धाग्यांनीं एकत्र गुंफून जाळीं करते. सोंडा काय आणि तांबडा भुंगेरा काय, दोघांनाही उडतां येतें. तेव्हां पिशवी कोठारापासून चार हात दूर ठेवली म्हणजे झालें, असें समजूं नये. यांपैकीं एकही किडा मांजराच्या अंगावर राहत नाहीं वा त्याचें रक्त पीत नाहीं. पिसवा निराळ्या, गोचीड निराळे, आणि हे निराळे. मांजराच्या पायीं सोंडे आले, या म्हणण्यांत म्हणूनच तथ्य नाहीं. पिशवीच्या पायीं आले असतील, इतकेंच म्हणतां येईल.

निर्मळसारख्या गांवीं या किड्यांना हवें तें सर्व मिळतें. समुद्र जवळ, सभोंवार केळींच्या व पानांच्या वाड्या, तळें आणि बावखलें, वर्षाला सुमारें २००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. दाण्यांतील ओल शेंकडा नऊ-दहांच्या खालीं राहिली तर सोंड्याची वाढ खुंटते. पण आषाढ-श्रावणांतील हवाच इतकी दमट असते कीं, तोंड उघडें राहिलेली पिशवी आपण होऊन ओल ओढून घेते. जुन्या पिढीला हें अनुभवानें ठाऊक होतें. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा भरते, त्या सुमारास नवें भात घरोघर आलेलें असे. तें तुसासकट कणगींत ठेवीत, आणि लागेल तसतसें सडून किंवा गिरणींतून भरडून घेत. तुसाचें कवच शाबूत असेपर्यंत सोंड्याला आंत शिरणें कठीण जातें. आतां पुष्कळ घरीं गिरणींतून आलेला पांढरा तांदूळच वर्षाचा भरतात. हा तट पाडलेला किल्लाच म्हणावयाचा. त्याच खोलींत मक्याच्या भुग्याची फाडलेली पिशवी ठेवणें म्हणजे शत्रूची छावणी किल्ल्याच्या दाराशीं वसविणें होय.

तथापि किडे पिशवींतून तांदुळांत गेले, कीं तांदुळांतून पिशवींत आले, हें वादानें ठरणार नाहीं, परीक्षेनें ठरेल. काचेच्या दोन स्वच्छ, कोरड्या बरण्या घ्याव्या. एकींत नव्या, न उघडलेल्या पिशवींतील दोन मुठी कांड्या घालाव्या. दुसरींत कोठारांतील दोन मुठी तांदूळ, दिसणारे सर्व किडे चाळून व निवडून टाकून, घालावे. दोन्हींच्या तोंडांना दाट विणीचें कापड घट्ट बांधून त्या सहा आठवडे सावलींत ठेवाव्या आणि दर आठवड्यास न्याहाळाव्या. ज्या बरणींत नवे किडे उपजतील, त्या मालांत अंडीं आधींपासूनच होतीं. दोन्हींत उपजले, तर दोघेही वाटेकरी. किड्याच्या जातीवरूनही कांहीं उमगतें : पिशवींत केवळ तांबडे भुंगेरे आणि तांदुळांत केवळ सोंडे असतील, तर दोन्हीं ठिकाणचे पाहुणे बहुधा निराळ्या वाटेनें आलेले असतात. हा निर्णय लागण्यापूर्वीं मांजराला घराबाहेर काढणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें. शिवाय हा संन्यासी असा कीं, उंदरांपासून आपलीं कोठारें राखण्याचें काम त्याच्याच पूर्वजांनीं केलें आहे.

आतां टिकडीविषयीं. धान्याच्या गुदामांत वापरतात ती अॅल्युमिनियम फॉस्फाइडची टिकडी हवेंतील ओलीशीं संयोग पावून फॉस्फीन नांवाचा वायु सोडते. हा वायु किड्याला मारतो तसाच माणसालाही मारतो, आणि त्यावर खास उतारा नाहीं. म्हणूनच आपल्या देशांत तिचा वापर सरकारी संस्था व कीडनियंत्रणाचे व्यावसायिक यांच्यापुरता, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं, मर्यादित केलेला आहे. ज्या घरांत माणसें निजतात त्या घरांत ती येतांच कामा नये. दुकानदारानें ओळखीखातर सुटी देऊं केली तरी घेऊं नये.

टिकडीची गोष्ट झाली. पण घरांतील सौम्य समजलीं जाणारीं औषधेंही येथें चालत नाहींत. याचें कारण मांजराची स्वच्छतेची संवयच होय. पेटींतून बाहेर आल्यावर तें आपले पंजे चाटून साफ करतें. आज पेटींत जें टाकाल, तें उद्यां त्याच्या जिभेवर असेल. तांदुळाला चोळतात ती बोरिक पावडर, डब्यांत ठेवतात ती पारद टिकडी, कपाटांतल्या डांबराच्या गोळ्या, कापूर, लवंगेचें किंवा निलगिरीचें तेल, यांतलें कांहींही पेटींत वा पिशवींत घालूं नये. झुरळांवर व डांसांवर मारावयाच्या पुष्कळ फवाऱ्यांत, तसेंच कुत्र्याच्या पिसवांच्या औषधांत, पर्मेथ्रीन किंवा त्याच्या जातीचें द्रव्य असतें. तें कुत्र्याला सोसतें. मांजराला सोसत नाहीं. अशीं द्रव्यें निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची जी शक्ति इतर प्राण्यांच्या यकृतांत असते, ती मांजराच्या यकृतांत फारच थोडी असते. लाळ गळणें, अंग थरथरणें, तोल जाणें, झटके येणें हीं विषबाधेचीं लक्षणें होत. तीं दिसतांच दूध-तूप पाजीत न बसतां, औषधाचें वेष्टन बरोबर घेऊन, जवळच्या पशुवैद्यांकडे धांव घ्यावी.

मग करावें काय? ज्या उपायांनीं आपल्या आजींनीं कोठारें राखलीं, त्यांतलेच बिनविषारी उपाय येथें पुरेसे आहेत : कोरडेपणा, ऊन, घट्ट झांकण आणि बेताची खरेदी. थंडीचा एक उपाय तेवढा नव्या काळानें त्यांत घातला आहे.

प्रथम खरेदी. स्वस्त पडतें म्हणून वर्षाची पिशवी आणूं नये. महिन्याभरांत संपेल इतकेंच आणावें. सोंड्याची एक पिढी महिन्यांत तयार होते, हें वर सांगितलेंच आहे. तिला तेवढी सवडच देऊं नये. घेतांना भरल्याची तारीख पाहावी. टांचणीच्या टोंकाएवढीं भोंकें, आंत जाळीं, तळाशीं बारीक पीठ दिसल्यास पिशवी परत करावी. कारखान्यांत कांड्या करतांना उष्णतेनें पुष्कळशी कीड मरते. पण पुढें वखारींत व दुकानांत गहू-तांदुळाच्या पोत्यांशेजारीं पिशवी पडून राहिली, कीं ती पुन्हां लागते. म्हणून ‘सीलबंद’ या शब्दावर फार विसंबूं नये. कागद व पातळ प्लास्टिक पोंखरून आरपार जाणारे किडेही आहेत.

घरीं आणल्यावर पिशवी जाड प्लास्टिकच्या दुसऱ्या पिशवींत घट्ट बांधून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावी. शून्याखालीं १८ अंश थंडी मिळत असेल, तर चार दिवसांत अंडीं-अळ्यांसकट कीड मरते. घरगुती कपाट वरचेवर उघडलें जातें, म्हणून सात दिवस धरावे. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडतां खोलीच्या उष्णतेवर येऊं द्यावी. घाईनें उघडल्यास आंत दंव धरतें आणि भुगा ओला होतो. अन्नाच्या कप्प्यांत मांजराची पिशवी नको, असें ज्या घरीं वाटेल त्यांनीं माघ ते वैशाख या महिन्यांत उन्हाचा उपयोग करावा. काळें प्लास्टिक अंथरून त्यावर कांड्या बोटभर जाडीनें पसराव्या आणि वरून पारदर्शक प्लास्टिक झांकून कडा दाबून टाकाव्या. भर दुपारीं आंतली उष्णता ५० अंशांच्या वर गेली आणि कांहीं तास तशीच टिकली, तर किडा जगत नाहीं. असें दोन दिवस करावें, म्हणजे संशय राहत नाहीं.

त्यानंतर कांड्या पत्र्याच्या किंवा स्टीलच्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत भराव्या व डबा पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. डबा कोठारांत नको, स्वयंपाकघरांतही नको. मागच्या पडवीची कोरडी बाजू त्याला योग्य. जुन्या उरलेल्या कांड्यांवर नव्या ओतूं नयेत. डबा रिकामा झाला कीं कढत पाण्यानें धुवावा, सांधे व कडा ब्रशानें साफ कराव्या आणि पुरता वाळल्यावरच पुन्हां भरावा. किड्यांचें बीज राहतें तें बहुधा सांध्यांत साचलेल्या पिठांतच. पेटींत थर बेताचा घालावा, विष्ठा व भिजलेला भाग रोज काढावा, आणि आठवड्यास पेटी रिती करून धुवावी. वापरांतल्या पेटींत किडे दिसले तर चाळीत न बसतां सर्व टाकून द्यावें.

निर्मळच्या हवेसाठीं मात्र आमची सूचना याहून सोपी आहे. आषाढापासून आश्विनापर्यंत धान्याच्या कांड्या मुळींच वापरूं नयेत. या चार महिन्यांत मातीच्या जातीचा माल घ्यावा, किंवा ज्येष्ठापूर्वीं वाडींतली माती चाळून, कडक उन्हांत वाळवून, डब्यांत भरून ठेवावी. गिरणींतला तूस मिळत असल्यास तोही चालेल. परंतु त्यांतला कोंडा व कणी पाखडून काढली पाहिजे, कारण तुसांत किड्याला खाण्यासारखें फारसें नसतें, कोंड्यांत व कणींत असतें. चुलीची राख पेटींत घालूं नये; ती भिजली म्हणजे क्षार सुटून मांजराच्या पंजांना झोंबते.

पावसाळ्यांत धान्याच्या कांड्या टाळण्याचें दुसरें, अधिक गंभीर कारण बुरशी हें आहे. ओल्या मक्यावर येणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार करते. १९७४ सालीं राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील आदिवासी गांवांत अवेळीं पावसानें भिजलेला मका खाण्यांत आला; कावीळ होऊन १०० हून अधिक माणसें दगावलीं, आणि तोच मका खाल्लेलीं कुत्रींही मेलीं. मांजराचीं लहान पिल्लें पेटींतल्या कांड्या चघळतात, हें पाळणाऱ्यांना ठाऊक आहेच. तेव्हां ज्या भुग्याला कुबट वास येतो किंवा हिरवट-पिंवळी झांक दिसते, तो सुकवून पुन्हां वापरण्याची काटकसर करूं नये.

टाकाऊ भुग्याची विल्हेवाट हाही विषय महत्त्वाचा आहे. किडलेला भुगा अंगणांत ओतला, तर किडे परत कणगीकडे वळतात. तो पिशवींत घट्ट बांधून, दिवसभर उन्हांत तापवून मगच केरांत द्यावा. वापरलेला भुगा विहिरीजवळ, बावखलांत अथवा भाजीच्या वाफ्यांत कधींही टाकूं नये. कांहीं मांजरांच्या विष्ठेंतून टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा सूक्ष्म परजीवी बाहेर पडतो. बाहेर पडल्यावर एक ते पांच दिवसांनीं त्याच्या अंगीं दुसऱ्यास बाधण्याची शक्ति येते, आणि गर्भवतीला बाधला तर पोटांतल्या बाळाला इजा होऊं शकते. पेटी रोजच्या रोज साफ करावी असें आम्ही म्हणतों, तें यासाठींही. आणि घरांत कोणी गर्भवती असेल तर हें काम तिच्याकडे मुळींच देऊं नये.

राहतां राहिला तो सोंडे पडलेला तांदूळ. तो वायां गेला असें समजण्याचें कारण नाहीं. चाळून, पाखडून, सावलींत हवेशीर पसरावा. कडक उन्हांत घातल्यास दाणा तडकतो. पोकळ व भोंक पडलेले दाणे निवडून टाकावे, उरलेला तांदूळ लहान लहान घट्ट डब्यांत वांटून भरावा आणि आधीं तोच संपवावा. पुढील वर्षीं शक्य असेल तर निम्मी बेगमी भाताच्या रूपानेंच ठेवावी.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, त्यांच्या सासूबाईंची काळजी रास्त आहे. वर्षाचा तांदूळ भरणें हें ज्यांनीं चाळीस-चाळीस वर्षें केलें, त्यांना डब्यांत सोंडा दिसला म्हणजे केवळ दाण्यांची नव्हे, आपल्या राखणीची हानि झाल्यासारखें वाटतें. त्यांना ‘हा तुमचा गैरसमज’ असें सांगण्यापेक्षां बरण्यांची परीक्षा त्यांच्याच देखरेखीखालीं करावी. किडा ओळखण्यांत त्यांची नजर कोणाहूनही तयार असेल. थोरल्या दिरांना घरची अडचण दूर करण्याची उत्कंठा आहे, तर डबा धुणें, पिशवी उन्हांत घालणें आणि रोज पेटी साफ करणें, यांतलें एक काम त्यांनीं आपल्याकडे घ्यावें. टिकडी आणण्यापेक्षां त्यानें घराचें अधिक कल्याण होईल. आजच पिशवी कोठाराबाहेर काढून घट्ट डब्यांत भरावी आणि झांकणावर भरल्याची तारीख ठळक अक्षरांत लिहून ठेवावी.